सवयीचं मंजूर

पडेगावच्या बायकांची पतसंस्था ती केवढी! पिठाच्या गिरणीवरची एक खोली, चार खुर्च्या आणि अध्यक्ष मुक्ताबाई. पण देशभरातल्या पतसंस्थांचा जो महासंघ होता ना, त्यात या खोलीचंही एक मत होतं आणि ते बड्या संस्थेच्या मताइतकंच भारी होतं. मागं छोट्या संस्थांना झेपणार नाही असा एक नियम येऊ घातला, तेव्हा मुक्ताबाईनं सभेत उभं राहून ठणकावलं, "आमच्या खोलीला कुलूप लागंल!" महासंघानं ते दिल्लीपर्यंत नेलं आणि नियम थांबला. तेव्हापासून मत म्हणजे काय, हे पडेगावच्या बायकांना कुणी शिकवावं लागलं नाही.

यंदा महासंघाची सभा इथंच, पडेगावजवळच्या शहरात, जालना रोडवरच्या मंगल कार्यालयात भरली. मुक्ताबाईसोबत संस्थेची उपाध्यक्ष चतुराबाई आली होती.

"लई गार हाय गं आत. लोणी ठेवलं तर विरघळायचं नाय," चतुराबाई कुजबुजली.

"गप बस. पडेगावचं नाव हाय इथं."

सचिव हिंदीत एकेक ठराव वाचत होते. दिवंगतांना श्रद्धांजली. मंजूर. मागच्या सभेचं इतिवृत्त. मंजूर. पडेगावात तर ठराव वाचून संपायच्या आतच बायका एका दमात "मंजूर!" म्हणायच्या, म्हणजे चहा लवकर यायचा. मुक्ताबाईला तीच सवय. त्यात गिरणीच्या घरघरीवर बोलून तिचा आवाज असा चढलेला, की पार शेवटच्या खुर्चीपर्यंत जायचा. चौथा ठराव लांबलचक होता. बाहेरून वरणाच्या फोडणीचा वास आला. सचिव थांबले.

"मंजूर!" सगळ्यात आधी मुक्ताबाई ओरडली. तिच्यामागून अख्खं सभागृह.

चतुराबाईनं तिला करकचून चिमटा काढला. "मुक्ते, काय केलंस? छोट्या संस्थांचं मत काढून घेतलं. आता जिल्ह्याची मोठी संस्था आपल्या वतीनं मत देणार!"

मुक्ताबाई ताडकन उठली. "साहेब, चुकून बोलले. माझं मंजूर मागं घ्या."

हशा पिकला. जालन्याचा एक जण म्हणाला, "मावशी, अक्षता पडल्या आता!"

"अक्षता पडल्या तरी नवरीला तोंड असतं, दादा."

महासंघाचे अध्यक्ष हसले नाहीत. "ताई, ठराव पास झाला. आता फक्त विरोध नोंदवता येईल."

"नोंदवा."

"एकटीचाच?"

तिनं मागं पाहिलं. बिडकीनच्या संस्थेचा रामकिसन, त्याचीही संस्था छोटीच, खाली मान घालून बसला होता. करमाडवाले जेवायला उठलेसुद्धा होते.

"एकटीचाच," ती म्हणाली.

संध्याकाळी खोलीत बायका दाटीवाटीनं बसल्या. मुक्ताबाईनं काहीही न लपवता सगळं सांगितलं. कुणी तिला बोल लावला नाही. तेच तिला जास्त लागलं.

"मग दिल्लीत आपलं कोण सांगणार?" लीलाबाईनं विचारलं.

"जिल्ह्याची संस्था."

"त्यांना आपलं नाव तरी ठावं हाय का?"

"नाय," मुक्ताबाई म्हणाली. "म्हणून उद्या जाते त्यांच्याकडं. पुढल्या सभेत हा ठराव फिरवायचा तर आता त्यांनीच बोलायला पायजे."

"अन् आत नाय घेतलं तर?"

"तर दारात बसते."

लीलाबाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला. "बस किती वाजता हाय ते सांग. मी बी येते."