आठ पाकळ्यांची फुलं

भाजे गावाच्या पलीकडच्या वाडीत भैरवनाथाच्या देवळाला शिसवी दार होतं. त्यावर लोखंडी पट्ट्या आणि पट्ट्यांवर आठ पाकळ्यांची लोखंडी फुलं, एकूण चाळीस. जुन्या वास्तूंच्या सरकारी यादीत देवळाचं नाव लागलं, तर दार जागेवर राहणार होतं. नाहीतर देवळाची समिती ते विकून स्टीलचं बसवणार होती.

सात फुलं गळून पडली होती. तपासणीआधी ती बसवून घ्यावीत म्हणून रखमाजी लोणावळ्याच्या गफूर लोहाराकडे गेले. समितीत दार राखावं म्हणणारे ते एकटेच. ही फुलं खापरपणजोबांनी घडवली, असं गफूरच्या घरात सांगत. त्याने ग्रिलची कामं बाजूला ठेवली, बैलगाडीच्या चाकांवरच्या जुन्या धावांचं लोखंड मिळवलं आणि महिनाभर खपून सात फुलं घडवली. खिळ्यांची टोकं जुन्या पद्धतीने मागून वळवून लाकडात ठोकली. आपल्या कामावर तो खूण उमटवायचा. इथे नाही उमटवली. वाडवडिलांच्या शेजारी आपलं नाव कशाला, म्हणाला.

मार्चमध्ये अधिकारी आले. भिंग लावून त्यांनी दार पाहिलं.

"यातली नवी कोणती?"

गफूरने सात फुलं दाखवली. अधिकाऱ्यांनी ती आणि शेजारची पुन्हा पाहिली.

"काहीच फरक नाही. मग बाकीची तेहतीसही तुम्हीच केली नाहीत कशावरून?"

"साहेब, खरं तेच सांगतोय."

"पुरावा काय?"

पुरावा नव्हता. अहवालात आलं : दारावरील काम अलीकडचे. नाव लागलं नाही.

त्या दिवशी रखमाजी देवळाच्या पायरीवर बसून होते.

"गफूरभाई, लय चांगलं केलंत तुमी. जरा वाईट केलं असतं, तर दार ऱ्हायलं असतं."

"आबा, वाईट करायला कुणी शिकवलंच नाही."

"मंग शिका आता."

दार वलवणच्या एका बंगल्यात गेलं, हॉलच्या भिंतीवर शोभेला. काढताना एक फूल तुटलं. बंगल्याच्या मॅनेजरने, अतुलने, चौकशी करून गफूरलाच बोलावलं.

"दीडशे वर्षांचं दार आहे, चाचा. नवीन फूल ओळखू येता कामा नये."

गफूरने ग्रिलच्या पत्र्यातून फूल कापलं, वेल्डिंगने चिकटवलं, वर काळा रंग मारला. पाकळ्या सात ठेवल्या.

अतुलने मोबाइलवर फोटो काढला.

"वा, चाचा! ओळखूच येत नाही."