मला बघणारे डोळे

मित्रांनो, मी ऑपरेशन थिएटरमधला एक जुना पडदा आहे. थोरल्या डॉक्टरीणबाईंच्या भाचीचे लग्न झाले, त्या वर्षी मला तिथल्या भिंतीवर बसवले. पोटाला बारीक भोके पाडून आत कॅमेरा सोडतात आणि आतले सगळे माझ्यावर दिसते. सगळे मला बघतात, मी त्यांचे डोळे बघतो.

थोरल्या बाईंची नजर कामाच्या जागेवर ठरायची. हत्यार आपोआप तिथे पोचायचे. मध्येच त्या शेजारच्या यंत्रावर पेशंटची नाडी बघायच्या, की नजर परत जागेवर. भाची हाताखाली शिकायला आली, तेव्हा तिचे डोळे मात्र कात्रीच्या मागे मागे पळायचे.

"अगं, कात्री कुठे पळून जातेय? तुझ्याच हातात आहे ना ती!"

"मावशी, नाही बघितलं तर भलतीकडे लागेल."

"जेवताना हाताकडे बघतेस का?"

"हिला जेवताना पाहिलंय मी," भूल देणारे डॉक्टर म्हणायचे. "निम्मं अंगावर सांडते."

मग ती रबराच्या तुकड्यावर सराव करायची. बाई माझ्याकडे पाठ करून फक्त तिचे डोळे बघायच्या. डोळे कात्रीमागे गेले, की म्हणायच्या, "गेली बघ नजर!"

पुढे वयामुळे बाईंच्या हातांना कंप सुटला आणि त्यांनी स्वतः ऑपरेशन करणे सोडले. एका गवंड्याची पित्ताची पिशवी काढायची होती, आणि भाची पहिल्यांदाच एकटी ऑपरेशन करणार होती. बाई नेहमीसारख्या माझ्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या. अर्ध्यात एक रक्तवाहिनी सुटली. माझी काच लालभडक झाली.

"प्रेशर उतरतंय," भूलवाले डॉक्टर म्हणाले. आता ते हसत नव्हते.

भाचीने एकदा यंत्राकडे पाहिले. रक्त चहूकडे पसरत होते, पण तिची नजर ते उसळत होते तिथेच येऊन थांबली. नळीने रक्त ओढून घेतले, चिमटा सरळ तिथे गेला, क्लिप बसली. लाल ओसरले.

"थांबलं ना?" बाईंनी न वळताच विचारले.

"थांबलं, मावशी! पण तुम्ही तर पडद्याकडे पाहिलंच नाही."

"तुझे डोळे भटकले नाहीत, बाळा. आज तू सर्जन झालीस."

गवंडी आपल्या पायांनी चालत घरी गेला. माझ्या उजेडाला तेवढा मान आयुष्यभर पुरेल!

आता थिएटरात नवा पडदा आहे. मी शिकवणीच्या खोलीत असतो आणि भाचीचे विद्यार्थी माझ्यासमोर सराव करतात. मित्रांनो, माझी काच मऊ, कोरड्या कापडाने पुसत जा. धुरकट काचेवर नजर ठरत नाही, आणि नजर ठरली नाही तर हात काय करणार?

थोरल्या बाई मागच्या हिवाळ्यात, भाचीला मुलगी झाली त्याच महिन्यात वारल्या.