सीझन केलेले टायर

शाळेच्या पोरांची व्हॅन चालवणाऱ्या माणसाने टायर घेताना किती विचार करावा? रितेशने भरपूर केला. आठवडाभर केला, जेवताना केला, दात घासताना केला, आणि शेवटी काढलं काय, तर महागाचे टायर म्हणजे कंपनीवाल्यांची निव्वळ लूट. व्हॅनमध्ये निळे दिवे, चार स्पीकर आणि गणपतीमागे फिरणारं चक्र बसवताना ज्याने कुणाला विचारलं नव्हतं, त्याला रबराच्या बाबतीत अचानक काटकसर सुचली.

त्याच्या बायकोला, अनिताला, ते निळे दिवे बघूनच मळमळायचं. पण दिव्यांनी कुणी मरत नाही. टायरचं तसं नव्हतं. वरसे गावातली दहा पोरं त्या व्हॅनमधून रोह्याच्या शाळेत जायची, त्यांत त्यांची स्वतःची मनस्वी आणि शेजारच्या सगुणाचा साईराजही. हा साईराज रोज आपल्या खाऊतला अर्धा तुकडा रितेशकाकासाठी राखून ठेवायचा. परवाच्या पावसात वळणावर गाडी घसरली आणि थेट गटाराच्या कडेला जाऊन थांबली. पोरांना मजा वाटली. मनस्वी हसत हसत सांगत होती आणि अनिताची भाकरी तव्यावर जळत होती.

रविवारी रितेश पेणला निघाला तेव्हा अनिताही हट्टाने गाडीत बसली. रामवाडीत त्याच्या मामेभावाचं, हर्षदचं, टायरचं दुकान होतं. वर फळीवर कागद गुंडाळलेले कोरे टायर, आणि खाली जमिनीवर चार टायर पॉलिश मारून मांडलेले. हर्षदच्या तोंडात पानाचा तोबरा होता. तो बोलला की लाल थेंब उडत, आणि ते चुकवायला अनिता एक पाऊल मागेच उभी राहिली.

"वयनी, बघा तरी. टायरवरचे रबराचे केस पण झडले नायत. नव्याला मागं टाकतील!"

"अर्ध्या किमतीत हायत, गो," रितेश लगेच म्हणाला.

"एवढे नवे हायत, तर विकले कशाला?" अनिताने विचारलं.

"हौस असते एकेकाची," हर्षद म्हणाला आणि बाजूला पचकन थुंकला.

अनिताचं माहेर पेणचं, गणपतीच्या कारखान्यातलं. मूर्ती भरून गाडी निघाली की तिचे वडील, बाबाजी, दरवेळी ड्रायव्हरला बजावायचे, "हवा काढ रे, बाप्पाची बोटं जातील." हायवेच्या खड्ड्यांत मूर्तीला दणका बसू नये म्हणून चाकं अशी मऊ करून गाड्या मुंबईपर्यंत जायच्या. मूर्ती सुखरूप पोचायच्या, पण कमी हवेवर पळून पळून टायर आतून मोडून यायचे. वरून नवरदेव आणि आतून भुसा. मग गणपतीचा सीझन संपला, की गाडीवाले ते उतरवून कुणाच्यातरी गळ्यात मारायचे. पेणमधल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक होतं.

ती खाली बसली आणि एका टायरच्या आत हात घालून बोटं फिरवली. हात बाहेर काढला तेव्हा बुक्का लावावा तशी काळी भुकटी बोटांना लागली होती.

"हे सीझन केलेले टायर हायत," ती म्हणाली.

हर्षद दात विचकून हसला. लाजबीज काही नाही. "कारखान्याची लेक! हिला काय सांगायचं? पण वयनी, बाप्पाला नेऊन आलेत. आशीर्वाद हाय त्यांच्यावर."

देवाचं नाव त्या थुंकीभरल्या तोंडातून ऐकून अनिताला शिसारी आली. तिने रितेशकडे पाहिलं. आता हा भावाची गचांडी धरेल, निदान चार शिव्या तरी देईल. पण रितेश चमकलाही नव्हता. त्याला माहीत होतं.

तो तिला दुकानाबाहेर घेऊन गेला आणि हळू आवाजात म्हणाला, "उगाच तमाशा नको करू. मनूला मी त्या गाडीत बसवणार हाय का? तिला आदेश सोडेल स्कूटरवरनं. मी बोललोय त्याच्याशी."

आदेश म्हणजे धाकटा दीर. म्हणजे हे सगळं आधीच ठरलं होतं. आपलं पोर बाजूला काढून ठेवायचं आणि लोकांची पोरं या भुशावर बसवून पाठवायची. साईराजच्या खाऊचा अर्धा तुकडा खाऊन, वर त्यालाच. या माणसाच्या ताटात आपण रोज वाढतो, याची तिला किळस आली. शेजारी उभं राहणंही नकोसं झालं.

"घ्या मग हेच," ती म्हणाली. "पण मनू व्हॅननेच जाईल. मागच्या सीटवर, रोज. आदेशभावजींना सांगून टाका."

रितेशने तिच्या तोंडाकडे पाहिलं. ती थट्टा करत नव्हती. मग तो दुकानात शिरला. "हर्षद, ते वरचे काढ. कोरे."

बस. आठवडाभराचा विचार एका वाक्यात संपला. ना लूट, ना कंपनी, ना किंमत. अनिताला हवं होतं ते झालं, पण आनंद काही झाला नाही. नऊ पोरांसाठी जे याला सुचलं नाही, ते एका पोरीसाठी डोळ्याची पापणी लवायच्या आत सुचलं.

सोमवारी सकाळी सगुणा साईराजला सोडायला आली. कोरे टायर बघून तिचा ऊर भरून आला. "भावजी, आमच्या पोरांसाठी एवढे महागाचे घातलेत!"

"पोरांच्या जिवापुढं पैसा काय, वयनी?" रितेश छाती फुगवून म्हणाला. साईराजने काकाच्या हातावर अर्धा लाडू ठेवला आणि काकाने तो तोंडात टाकला.

अनिताने तोंड फिरवलं. मनस्वीचा हात धरून तिने तिला सगळ्यांत आधी व्हॅनमध्ये चढवलं, मागच्या सीटवर, मधोमध. लेक तिथे बसली आहे तोवर बाकीच्या नवांना धक्का लागणार नाही, हे तिला आता पक्कं कळलं होतं.

पुढे एकदा मनस्वीला ताप आला. त्या दिवशी अनिता स्वतःच तिच्या जागी मागे जाऊन बसली. गाडी वळणावर आली, पाऊस होता, टायर जराही घसरले नाहीत. आणि तिच्या मनात आलं, आपण इथे बसणार असं त्या रविवारी दुकानात सांगितलं असतं, तर याने वरचे काढायला सांगितले असते का?

आरशात रितेश तिच्याकडे बघून हसला. ती खिडकीबाहेर बघत राहिली.