कुत्र्यांच्या वहीतलं एक घर

एकोणीस वर्षं मी टपाल वाटलं आणि मला एकही कुत्रा चावला नाही. आमच्या पोस्टात हे सगळ्यांना तोंडपाठ होतं, कारण मीच ते त्यांच्याकडून घोकून घेतलं होतं. नवे पोस्टमन कामावर आले की पोस्टमास्तर मला पुढे उभं करायचे आणि म्हणायचे, "कुत्र्यांचं काय ते यांच्याकडून शिका." मग मी सांगायचे. पळायचं नाही. कुत्र्याच्या डोळ्यांत रोखून बघायचं नाही. सायकल आपल्या आणि त्याच्या मध्ये धरायची. फाटकाला हात लावण्याआधी बेल वाजवायची आणि मालक कुत्रा बांधेपर्यंत बाहेर थांबायचं. खायला काहीही द्यायचं नाही. यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. शेवटची दोन मी स्वतः पाळत नव्हते, एवढंच.

गुडघ्यानं दगा दिला आणि डॉक्टरांनी सायकल बंद केली. मला आत टेबलावर बसून टपाल लावायचं काम मिळालं. तेही मी कसंबसं गिळलं असतं. पण माझी बीट, म्हणजे मी रोज फिरायचे त्या गल्ल्या, कुणाला मिळाल्या? माझ्या सख्ख्या धाकट्या बहिणीला. तिची भरती झाली तेव्हा अर्ज मीच आणून दिला होता. स्वतःच्या हातानं.

धाकटीबद्दल वाईट बोलायला जागाच नाही, आणि माझं खरं दुखणं तेच आहे. आई माझ्याकडे राहते. आठवडाभर तिच्या गोळ्या, तिचं पथ्य, तिचे दुखरे खांदे मी सांभाळायचे. रविवारी धाकटी तासभर यायची, तर आई सकाळपासून केस विंचरून खिडकीत बसलेली. "माझी गुणाची आली गं," असं ती दारातूनच म्हणायची. मी त्याच दारातून रोज दोनदा ये-जा करते. मला कधी कुणी गुणाची म्हटलं नाही. लोकांना मी कामाची वाटते आणि धाकटी आवडते. लहानपणापासून हे असंच.

मला मात्र एक जण आवडीनं वाट बघणारा होता. हवालदार. चष्मेवाल्या काकांचा कुत्रा. तपकिरी, रुंद छातीचा, एक कान उभा आणि एक पडलेला. काकांनी आयुष्यभर लोकांना चष्मे बनवून दिले, दुकान बंद केलं आणि मग हा पाळला. माणूस इतका नियमाचा की चीड यावी. नगरपालिकेत नोंद, गळ्यात बिल्ला, वेळेवर लस, बाहेर नेताना आखूड दोरी आणि तोंडाला मुसकं. फाटक छातीएवढं उंच, आणि त्यावर ठळक अक्षरात पाटी: बेल वाजवा, मी येतो. कुत्र्याला काहीही खायला देऊ नका.

मी दिलं. सात वर्षं दिलं. पिशवीच्या पुढच्या खिशात बिस्किटं असायची. अकराच्या सुमाराला काका मागच्या खोलीत रेडिओ लावून बसायचे, तेव्हा मी आवाज न करता फाटक उघडून आत जायचे. हवालदार आधीच तयार असायचा. पुढचे दोन्ही पाय माझ्या पोटावर, नाक थेट खिशात, आणि शेपटीनं अख्खं अंग हलतंय. त्या घरी टपाल महिन्यातून एखादवेळी यायचं. मी रोज जायचे.

बीट सोडताना कुत्र्यांची वही नव्यानं लिहून पुढच्याच्या हातात द्यायची, असा आमच्याकडे नियम आहे. कुठल्या घरी कुत्रा आहे, बांधलेला की मोकळा, कुणाला हाक मारायची, सगळं त्यात. मी दोन दिवस बसून लिहिली. बेकरीमागचा काळा म्हातारा झालाय आणि त्याला दिसत नाही, म्हणून लांबून बोलत जा. जिन्याखालची पिल्लंवाली आहे, तिथे वर जाऊच नको, शिट्टी मार. असं एकेक करत चष्मेवाल्यांच्या घरापाशी आले आणि पेन थांबलं.

काय लिहायचं होतं ते मला पक्कं माहीत होतं. बेल वाजव, थांब, काका बांधतील. पण मग डोळ्यांसमोर धाकटी आली. ती बेल वाजवणार, काका गोड हसून येणार, हवालदार दोरीला शहाण्यासारखा बसणार, आणि महिनाभरात तोही तिचाच होणार. ते मला सोसेना, म्हणून मी लिहिलं: "शांत आहे. फाटक उघडून आत जायचं, पेटी दाराला आहे." तो तिच्यावर भुंकेल, ही घाबरून परत येईल आणि विचारेल, ताई, तू कसं गं जमवलंस, एवढंच मला हवं होतं. एकदा तरी तिनं घाबरून माझ्याकडे यावं. याहून जास्त वाईट मी मनात आणलं नव्हतं, पण तेवढं आणलं होतं.

तिची नवी पिशवी अजून आली नव्हती. मी मोठ्या मनानं माझी दिली. सगळ्यांसमोर दिली. खिसा झटकायचं डोक्यातही आलं नाही.

पहिले तीन दिवस मी टेबलाशी बसून तिचं कौतुक ऐकलं. नव्या ताई किती हसतमुख, असा एका आजींचा निरोप आला. एका घरून फुलं आली. एकोणीस वर्षांत मला त्या घरून फक्त चुकीच्या पत्त्याची तक्रार आली होती. चौथ्या दिवशी टपाल लावताना चष्मेवाल्या काकांचं बँकेचं पाकीट हाती लागलं. मी ते तिच्या गठ्ठ्यात नीट मधोमध ठेवलं. क्षणभर वाटलं, तिला सांगावं. ती शिपायाशी काहीतरी हसत बोलत होती. मी पुढचा गठ्ठा ओढला.

सव्वाअकराला पोस्टमास्तरांचा फोन वाजला.

काय झालं ते नंतर कळलं. वहीत लिहिल्याप्रमाणे ती फाटक उघडून आत गेली. हवालदार धावत आला, तिच्या अंगावर चढला आणि नाक थेट खिशात. चार दिवस उपाशी ठेवल्यासारखा. धाकटीनं घाबरून पिशवी वर ओढली, हात खिशापाशी होता, आणि दात हातात घुसले. काकांनी आधी कुत्र्याला खोलीत कोंडलं. मग तिला नळाखाली नेऊन घड्याळ लावून पंधरा मिनिटं साबणानं हात धुतला, लसीचा कागद घेऊन स्वतः तिच्याबरोबर दवाखान्यात गेले आणि तिथून परस्पर नगरपालिकेत जाऊन आपल्याच कुत्र्याची तक्रार लिहून दिली. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. तसा नियम होता म्हणून.

धाकटीच्या अंगठ्याला तीन टाके पडले आणि इंजेक्शनं सुरू झाली. आईनं तिला माझ्या घरी आणायला लावलं. आता ती माझ्या पलंगावर आणि आई तिच्या उशाशी. आई मला म्हणाली, "तुला एवढी माहिती असते कुत्र्यांची, बहिणीला नीट सांगता नाही आलं?" मी भांडी घासत होते. घासतच राहिले.

हवालदारवर दहा दिवस नजर ठेवायची होती. तो धडधाकट राहिला. पण अकराव्या दिवशी चौकशी होती, आणि नियम असा की कारण नसताना चावलेला कुत्रा नगरपालिकेच्या कोंडवाड्यात जातो. परत येत नाही. हे कळल्यापासून मला घास गोड लागेना. बिस्किटांचं सांगितलं तर तो वाचू शकत होता. पण मग माझी एकोणीस वर्षांची ऐट धुळीला मिळणार होती, आणि तीही धाकटीच्या देखत. दहा दिवस मी रोज ठरवलं आणि रोज मोडलं.

चौकशीला नगरपालिकेच्या श्वान विभागाच्या निरीक्षक बाई काकांच्या घरीच आल्या. काका, धाकटी, पोस्टमास्तर, आणि वही लिहिणारी म्हणून मी. आम्ही फाटकाबाहेर उभे होतो. हवालदार आत दाराजवळच्या खांबाला बांधलेला, त्याला आम्ही दिसू नये म्हणून मध्ये फाटकावर चादर टाकलेली.

"तुम्ही त्याला काही केलंत? मारलंत, डिवचलंत?" निरीक्षक बाईंनी धाकटीला विचारलं.

"नाही."

"बेल वाजवली होती?"

"नाही वाजवली."

"का? पाटी आहे ना. वहीत काय लिहिलं होतं?"

वही धाकटीनं आणलीच नव्हती. तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "वहीत सगळं बरोबर होतं," ती म्हणाली. "बेल वाजवा असंच होतं. मीच घाईत होते."

मी थक्क झाले, आणि पाठोपाठ माझा तिळपापड झाला. तिचा हात फाटला, आणि पांघरूणही तीच घालणार? एवढा चांगुलपणासुद्धा तिनंच करायचा?

"बेल न वाजवणं म्हणजे कुत्र्याला डिवचणं होत नाही," निरीक्षक बाई कागदावर लिहिता लिहिता म्हणाल्या. "काका, माफ करा, पण हे कारण नसताना चावणंच धरावं लागेल."

काकांनी चष्मा काढला आणि सदऱ्याला पुसला. "त्याला न्यायच्या आधी मला थोडा वेळ द्याल?" त्यांनी विचारलं.

हवालदारसाठी बोलले, असं सांगायला मला फार आवडलं असतं. थोडं त्याच्यासाठी होतंही. पण तोंड उघडलं ते धाकटीवरच्या रागानं.

"खोटं बोलतेय ती," मी म्हणाले. "वहीत बेलचं मी लिहिलं नव्हतं. मुद्दाम. आणि सात वर्षं मी त्याला बिस्किटं देतेय. माझ्याच पिशवीतून. तीच पिशवी तिच्या खांद्याला होती."

पोस्टमास्तर माझ्याकडे बघतच राहिले. धाकटीला मात्र काही नवल वाटलेलं दिसलं नाही.

"खिशात चुरा होता," ती हळूच म्हणाली. "मला त्याच दिवशी कळलं होतं, ताई."

"हे आत्ता तुम्ही नुसतं तोंडानं सांगताय," निरीक्षक बाई म्हणाल्या. "बघूया." त्यांनी काकांना हवालदारला मुसकं घालून आखूड दोरीनं धरायला सांगितलं, दोरीचं दुसरं टोक खांबाला तसंच ठेवलं, आणि चादर काढली.

आधी धाकटी पुढे झाली. नवी पिशवी घेऊन. तिनं बेल वाजवली, थांबली. हवालदारनं तिच्याकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं आणि खाली बसला. मग पोस्टमास्तरांनी चौकशीसाठी म्हणून आणलेली माझी जुनी पिशवी तिनं घेतली. तो उठला, नाक वर केलं, दोन पावलं आला आणि काकांच्या एका शब्दासरशी पुन्हा बसला.

"आता तुम्ही," बाई मला म्हणाल्या. "रिकाम्या हातानं. लांबूनच."

मी फाटकापासून पाच हातांवर जाऊन उभी राहिले. काही बोलले नाही, हात हलवला नाही.

हवालदार उसळला. दोरी ताणली गेली आणि काका दोन पावलं फरफटले. तो मागच्या पायांवर उभा राहून फाटकाकडे झेपावत होता, मुसक्याच्या आत दात वाजत होते, फेस गळत होता, आणि घशातून असा आवाज येत होता की पोस्टमास्तर मागे सरकले. काका "बस, बस" म्हणत होते. त्याला ऐकू येत नव्हतं.

"बास. मागे या," निरीक्षक बाई म्हणाल्या. चावण्यामागे बिस्किटांचं कारण होतं असं लिहून त्यांनी आधीचं खोडलं. कुत्रा घरीच राहील. टपालाची पेटी फाटकाबाहेर बसवायची. मालकाखेरीज त्याला कुणी काही भरवायचं नाही. "आणि तुम्ही," त्या मला म्हणाल्या, "या गल्लीत पुन्हा पाऊल टाकायचं नाही. तुम्ही दिसलात की हा कुत्रा धोक्याचा होतो. कळलं?"

मला कळलं. मी मान हलवली. पोस्टमास्तरांनी विचारलं, "म्हणजे दर वर्षी तुम्ही आम्हाला जे सांगायचात..." आणि वाक्य अर्धंच सोडलं.

काका पायरीवर टेकले. दोरी दोन्ही हातांत घट्ट होती. "अकरा वाजले की हा फाटकाशी जाऊन बसायचा," ते म्हणाले. "मला वाटायचं, घर राखतोय. आल्यागेल्याला मी कौतुकानं सांगायचो." मग ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "मी सात वर्षं सांभाळलं त्याला. माझ्यासाठी असा कधी उठला नाही."

मला लाज वाटायला हवी होती. वाटली, पण ती नंतर, घरी जाताना. तिथे उभी असताना मला एवढंच दिसत होतं की त्याचा मालक जवळ आहे, सगळ्यांना आवडणारी माझी बहीण समोर आहे, आणि तो दोघांनाही सोडून माझ्याकडे ओढ घेतोय.

"ताई," धाकटी म्हणाली. पट्टी बांधलेला हात तिनं छातीशी धरला होता. "तू हसतेयस."

मी तोंडावर हात नेला. खरंच हसत होते, आणि मला ते आवरत नव्हतं.