विहिरीच्या दगडाचा समुद्र

लातूर नवा जिल्हा झाला त्या साली चाकूरच्या रेवणप्पा पेंटरला मान वर काढायला सवड नव्हती. पाट्यांवरचं जुन्या जिल्ह्याचं नाव पुसायचं, नवं लिहायचं. पाऊस मात्र फिरकला नव्हता. आणि घरी बायकोचा, दानम्माचा एकच धोशा, "मन्मथ गेला ती जागा मला दावा."

एकुलता लेक मन्मथ दुष्काळाला कंटाळून कोकणात बंदराच्या कामावर गेला. तिथं खडकावरून लाटेनं त्याला ओढून नेलं. देह सापडला नाही, गळ्यातलं इष्टलिंगही त्याच्यासंगंच गेलं. लिंगायताचं माणूस मातीत बसवायचं असतं; याचं बसवायला काही उरलंच नाही. रेवणप्पा तो किनारा पाहून आला होता. दानम्माच्या गुडघ्यांना एसटीची पायरीही झेपत नव्हती.

म्हणून त्यानं मांजरपाटावर किनारा काढायला घेतला. पहिल्यांदा कॅलेंडरातला निळा समुद्र उतरला.

"असलं दुकानात टांगत्यात," दानम्मा म्हणाली. "ह्यात कोण बुडतंय?"

दुसऱ्या खेपेला त्यानं खडकावर पाठमोरा मन्मथ काढला. ती बघत राहिली.

"त्याला पुसा. हाक मारावी वाटतीय, अन् त्यो काय वळायचा न्हाई."

पुसला. उरला नुसता खडक, आणि तोच साधेना. डब्यातला काळा रंग पाटीवरचाच वाटायचा. शेवटी तो आपल्या कोरड्या विहिरीत उतरला आणि तळाशी सुरुंगानं फुटलेला कडा त्यानं निरखला. तिकडचा दगड हाच होता. तीच धार, तीच भोकं.

दगड आणून त्यानं खलात कुटला, डिंकात कालवला आणि त्यानंच खडक रंगवला. कुटण्याच्या ठेक्यावर दानम्मा पुटपुटत होती,

"पाण्यावाचून गाव गेलं, पाण्यापायी गेला बाळ
सांग माझ्या काळ्या आई, कुण्या पाण्यावर घालू आळ"

चित्र वाळल्यावर तिनं खडकावरून हात फिरवला. बोटांना खरखर लागली.

"आपल्या हिरीचा?"

"हाव. तिकडंबी असलाच हाय."

"म्हंजी लई परक्या जागी न्हाई गेला." तिनं खडकावरचा हात काढला. "मग बसवा की त्याला."

रेवणप्पाला समजलं. जन्मभर पाट्या लिहिल्या. चित्र म्हणावं असं हातून हे एकच झालं होतं.

"भिंतीवर राहू दे," तो म्हणाला. "रोज बघशील."

"लेकराला उघड्यावर किती दिस ठिवता?"

बांधालगत खड्डा घेतला. चित्राची गुंडाळी आडवी नाही ठेवली. माणूस बसवावा तशी उभी टेकवली. दानम्मानं विभूती लावली, बेलाचं पान वाहिलं आणि मागं सरली.

पहिली मूठ बापाची. रेवणप्पाच्या नखांत दगडाची भुकटी अजून काळी होती. त्यानं मूठ उघडली.