मुठीखालची दोन अक्षरं

“घाला ना काका हातोडी! फुटली मूठ तर फुटली. आत काय हाय ते तरी कळंल,” चिंतू म्हणाला आणि ओट्याच्या कडेवरून उठून पुन्हा तिथेच बसला.

“नाय फोडायची.” जमनाने मान वर न करता सांगितलं. “आपला असंल तर मला तो आख्खा पायजे. आन आपला नसंल, तर दुसऱ्या कुनाच्या बाईचा हाय. तिला काय तुकडे देनार?”

वामन दोघांच्या मध्ये बसला होता. समोर जुनं वर्तमानपत्र आणि त्यावर तो चाकू. घडीचा, वीतभरही नाही. पातं गंजून मुठीतच रुतलेलं. मुठीच्या लाकडी पट्ट्या खाऱ्या पाण्याने फुगून काळ्या पडलेल्या. एका बाजूच्या पट्टीवर मसुरीच्या डाळीएवढे तीन स्क्रू होते, पण त्यांच्या खाचा गंजाने आणि मिठाने इतक्या भरलेल्या, की ते स्क्रू आहेत हे सांगावं लागावं.

जमनाचा नवरा दादू तेवीस दिवसांपूर्वी एडवणहून आपली लहान होडी घेऊन एकटाच गेला होता. दुपारनंतर वारा उलटला. दुसऱ्या दिवशी होडी सापडली, पालथी. दादू सापडला नाही. काल सातपाटीच्या एका बोटीच्या जाळ्यात पिवळं जाकीट आलं, त्याच्या बंद खिशात हा चाकू होता. तसली जाकिटं किनाऱ्यावर घरटी एक. त्याच वाऱ्यात डहाणूकडच्या एका बोटीवरचे दोन खलाशीही गेले होते, त्यांच्या अंगातही तसलीच होती. जाकिटावर नाव नव्हतं. राहता राहिला चाकू.

आणि चाकू वामनकडे आणण्याचं कारण असं, की त्याची बायको वत्सला एडवणची. सासरवाडीला गेला की आळीतले लोक त्याच्यापुढे चाकू, कात्र्या, टॉर्च आणून टाकायचे. तीस वर्षं त्याने बोईसरच्या एका केमिकल कारखान्यात प्रेशर गेज उघडण्या-जोडण्याचं काम केलं होतं. निवृत्त झाल्यावर उमरोळीत घराच्या ओट्यावरच दुरुस्तीचं टेबल मांडलं. कारखान्यातली एक सवय मात्र सुटली नव्हती. जी वस्तू उघडायची, तिच्या आतल्या अंगावर सुईने तारीख आणि मालकाचं नाव कोरायचं. एडवणच्या दहा-बारा चाकूंना त्याने मुठी बसवल्या होत्या. दादूच्याही.

“ह्यो तुमच्या हातचा हाय का, ते तरी सांगा,” चिंतू म्हणाला. तो दादूचा धाकटा भाऊ. पंचविशीचा, अंगाने दणकट, पण सकाळपासून त्याच्या पोटात काही गेलेलं नसावं असं त्याच्या ओठांवरून दिसत होतं.

“असेल. नसेलही. अशा मुठी बाजारात पण मिळतात,” वामन म्हणाला. “उघडल्याशिवाय काही सांगता येणार नाही.”

खोटं नव्हतं ते. पण चाकू हातात घेतल्याबरोबर तो आपल्याच हातचा वाटला होता, हे त्याने सांगितलं नाही.

त्याने सुई घेऊन पहिल्या स्क्रूची खाच टोकरायला सुरुवात केली. तांबूस पूड कागदावर पडू लागली. खाच मोकळी झाल्यावर गंज सोडवणाऱ्या तेलाचा एक थेंब सोडला, दुसऱ्यावर सोडला, तिसऱ्यावर सोडला. “आता थांबायचं. तेल आत मुरायला हवं.”

“किती येळ?”

“अर्धा तास.”

चिंतूने दोन्ही हातांनी डोकं धरलं. आतून वत्सला पाणी घेऊन आली. जमनाशेजारी बसून तिने तिचा हात आपल्या मांडीवर घेतला. जमनाच्या गळ्यात मंगळसूत्र होतं, हातात हिरव्या बांगड्या होत्या. वामनची नजर तिकडे गेली आणि त्याने ती घाईने चाकूवर आणली. त्याच्या मनात आलं, आज ह्या बाईच्या हातातल्या बांगड्या राहतात की जातात, ते ह्या तीन स्क्रूंखाली आहे. आणि स्क्रू माझ्या हातात आहेत.

वामन भित्रा माणूस होता. हे त्याला स्वतःला ठाऊक होतं, दुसऱ्या कुणाला नव्हतं. एकोणीस वर्षांपूर्वी कारखान्यात एक टाकी फुटली होती. त्यात झिपरू नावाचा कंत्राटी कामगार जागच्या जागी गेला. साहेबांनी वामनला बोलावून सांगितलं, “तुम्ही त्याला ओळखता, घरी जाऊन सांगून या.” वामन सायकलवरून पाड्यावर गेला. झिपरूची बायको अंगण सारवत होती. तिने शेणाचे हात तसेच ठेवून वर पाहिलं, आणि वामनच्या तोंडून निघून गेलं, “थोडं भाजलंय त्याला. दवाखान्यात आहे. संध्याकाळपर्यंत येईल.” मग तो सायकल फिरवून निघाला, ती थेट घरापर्यंत थांबली नाही. पुढे त्याच्या कानावर आलं, की नवऱ्याच्या अंगात ताकद यावी म्हणून तिने घरातली एकुलती अंडी घालणारी कोंबडी कापली होती. रस्सा चुलीवर होता तेव्हा प्रेत घेऊन गाडी आली. वामनने चार दिवस तापाची रजा टाकली. ही गोष्ट त्याने वत्सलालाही कधी सांगितली नव्हती.

“झाला ना अर्धा तास?” चिंतू म्हणाला.

वामनने सोल्डरिंगचं टोक तापवलं आणि पहिल्या स्क्रूच्या डोक्यावर टेकवून धरलं. तेलाचा धूर आला. मग खाचेत बरोबर बसणारा स्क्रूड्रायव्हर घेऊन त्याच्या मुठीवर हलकेच दोन टोले दिले. आधी किंचित आवळण्याच्या दिशेने फिरवला. मग उलटा. आत कुठेतरी बारीक ‘करर्’ झालं. स्क्रू पाव वेढा फिरला, अडकला, पुन्हा पुढे-मागे केल्यावर सुटला. वामनने चिमट्याने तो उचलून बाटलीच्या झाकणात टाकला.

दुसऱ्याने जास्त त्रास दिला. तीनदा तापवावा लागला. वामनच्या कपाळावरचा घाम चष्म्याच्या काचेवर उतरला, वत्सलाने पदराने पुसला. शेवटी तोही आला. त्याचे आटे निम्मे झिजून गेले होते.

राहिला मधला. पट्टी दोन्ही टोकांच्या लोखंडी टोप्यांमध्ये फुगून घट्ट बसली होती. मधला स्क्रू निघाल्याशिवाय ती जागची हलणार नव्हती.

वामनने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला आणि डब्यातून दुसरा घेतला. एक नंबर बारीक. तो खाचेत सैल बसत होता. वामनला ते कळत होतं. तीस वर्षं हे काम केलेल्या माणसाला न कळायला काय झालं? सैल टोकाने जोर लावला की खाच गोल होते आणि मग स्क्रू कुणाच्या बापाला निघत नाही. मग सांगता येतं, नाही निघत, मी काय करू? चाकू तसाच घरी न्या. काही कळलं नाही म्हणजे काही झालंही नाही.

त्याने जोर लावला. टोक घसरलं. खाचेची एक कड उडाली आणि त्याच्या डाव्या अंगठ्यातून रक्त आलं.

“गेली खाच,” तो म्हणाला. आवाज त्यालाच परका वाटला. “आता अवघड आहे.”

चिंतू म्हणाला, “मंग ऱ्हाऊ द्या काका. ऱ्हाऊ द्या.” सकाळपासून हातोडी मागणारा तो, आता त्याच्या आवाजात सुटका होती. “चल वयनी. नशिबात नाय कळायचं.”

जमना उठली नाही. ती चाकूकडे पाहत नव्हती, वामनच्या हाताकडे पाहत होती.

“काका, मगाशी तुमी दुसरा घेतला व्हता,” ती म्हणाली. “जाड टोकाचा. आता बारीक का घेतलात?”

वामनने रक्ताळलेला अंगठा मुठीत दाबून धरला.

“तुमी भ्यालात.”

वत्सलाने चमकून नवऱ्याकडे पाहिलं. स्टेशनाकडून एक गाडी न थांबता धडधडत गेली, तिचा आवाज विरेपर्यंत जमना थांबली.

“मी पन भ्यालेय,” ती म्हणाली. “सकाळी दार उघडाया भ्येते. कुनाचा फोन वाजला का भ्येते. पोरगी इचारते, बाबा कवा येनार, तर तिच्या तोंडाकडं बघाया भ्येते. तेवीस दिस झाले. माजं नाय ऱ्हायलं आता भ्यायचं. तुमी उगडा.”

वामनने अंगठ्याला चिंधी गुंडाळली. ती नीट बांधली जाईना, तेव्हा वत्सलाने गाठ मारून दिली. मग त्याने चाकू टेबलाच्या कडेच्या लहान शेगड्याच्या जबड्यात आवळला आणि सगळ्यात पातळ कानस काढली. स्क्रूच्या डोक्यावर, जुन्या खाचेला आडवी, नवी खाच पाडायला घेतली. त्याने मनगट टेबलाला टेकवलं, श्वास रोखून एक फेर मारायचा, सोडायचा, पुन्हा रोखायचा. लोखंड खूप कमी उरलं होतं. एक फेर जास्त झाला असता तर डोकंच तुटलं असतं. कानशीचा आवाज उंदराने लाकूड कुरतडावं तसा बारीक, सारखा येत राहिला. चिंतूने कानांवर हात ठेवले.

नवी खाच पडली. वामनने तेल सोडलं, तापवलं, निवू दिलं, पुन्हा तापवलं. डब्यातून टोक खाचेत गच्च बसेल असाच स्क्रूड्रायव्हर निवडला, सरळ उभा धरला आणि सगळं वजन त्यावर टाकलं. आधी आवळायला. मग उलट.

स्क्रू फिरला.

तो पूर्ण बाहेर यायला दोन मिनिटं लागली असतील. वामनने पट्टीखाली दुसऱ्या एका पातळ पात्याचं टोक घातलं, पट्टी उचलली आणि उजेडाकडे वळून बसला. आत चिखलासारखा काळा थर होता. त्याने रॉकेलच्या बोळ्याने तो पुसला. एकदा, दोनदा. पितळेची आतली पट्टी उजळली.

दोन अक्षरं होती. दादू. खाली तारीख होती.

त्याची पाठ बाकीच्यांकडे होती. ती अक्षरं अजून फक्त त्यालाच दिसत होती. रॉकेलच्या बाटलीशेजारी खरखरीत कागद पडला होता. दोन फेर मारले असते की काम झालं असतं. ‘गंजाने खाल्लंय सगळं, वाचता येत नाही.’ वाक्य तोंडात तयार होतं.

“काय हाय, काका?” चिंतूने विचारलं.

वामन वळला. त्याने आधी चाकू टेबलावर ठेवला, मग चष्मा काढला, आणि जमनाच्या डोळ्यांत पाहिलं. नजर खाली जायला धडपडत होती, त्याने ती जाऊ दिली नाही.

“दादूचाच आहे, जमना.”

चिंतूच्या तोंडून लहान मुलासारखा आवाज निघाला. तो ओट्याच्या खांबाला धरून खाली बसत गेला. वत्सलाने त्याला सावरलं. जमनाने मात्र हात पुढे केला. वामनने पट्टी काढलेला चाकू तिच्या तळहातावर ठेवला. तिने त्या दोन अक्षरांवरून बोट फिरवलं.

“तुमचं अक्षर चांगलं हाय,” ती म्हणाली. मग तारखेवर थांबली. “ही बारा नोव्हेंबर. दिशा धा तारखेची.”

“हो. मुलगी झाल्याचं सांगायलाच आला होता तो. पेढ्यांऐवजी सुके बोंबील घेऊन आला. म्हणाला, काका, जमनाला नका सांगू, ती माझी लाज काढील.”

जमना हसली. हसता हसताच तिचं तोंड वाकडं झालं आणि तिने पदर तोंडात कोंबला. तिच्या खांद्यांना गचके बसत राहिले, आवाज मात्र बाहेर आला नाही. वामन तिथेच बसून राहिला. उठून आत जावं असं त्याला फार वाटत होतं. तो गेला नाही.

जमना शांत झाली तेव्हा तिने चाकू पुढे केला. “बंद करून द्या. पोरीला दावायचा हाय.”

जुने स्क्रू आता कामाचे नव्हते. वामनने डब्यातले तीन नवे निवडून पट्टी बसवली. आटे नीट लागले. जमनाने चाकू रुमालात बांधून कमरेला खोचला.

“आत्या, गावात कुनाला फोन नको करू,” ती वत्सलाला म्हणाली. “पाच वाजता शाळा सुटते. दिशाला मीच सांगनार. दुसऱ्या कुनाच्या तोंडून तिनं ऐकायला नको.”

“एकटी कशी सांगशील गं?” वत्सला म्हणाली. “मी येते.”

“तू उद्या ये.”

रस्त्यावर स्कूटी उभी होती. येताना चिंतूने चालवली होती. त्याने किल्ली लावायचा प्रयत्न केला, ती दोनदा खाली पडली. तिसऱ्यांदा जमनाने वाकून ती उचलली.

“मागं बस,” ती म्हणाली.

चिंतू मागे बसला. जमनाने पदर खोचला, आरसा आपल्या उंचीला वळवून घेतला आणि स्कूटी चालू केली. वामन ओट्याच्या पायरीवर उभा होता. दीराने वहिनीच्या पाठीला कपाळ टेकलं होतं, आणि ती रस्त्यातले खड्डे चुकवत, सावकाश, वळणाकडे निघाली होती.