आपोआप उघडणारं पान

ग्रंथालयाच्या वाचनकक्षात एरवी फक्त पंख्याची घरघर ऐकू येई. त्या शनिवारी संध्याकाळी मात्र तिथे पाय ठेवायला जागा नव्हती. रांग जिन्यावरून थेट फाटकापर्यंत गेलेली आणि प्रत्येकाच्या तोंडी एकच गोष्ट: ग्रंथ आपोआप उघडतो आणि नेमका आपल्या दुखण्याच्या पानावर उघडतो.

रांगेत तीही उभी होती, कडेवर दीड वर्षाची लेक, गुंडी. आपण इथे कामासाठी आलोय, असं तिने जिना चढताना स्वतःला बजावलं होतं. काम खरंच होतं. ग्रंथालयासाठी ती नव्या पुस्तकांवर अभिप्राय लिहीत असे. प्राचीन विधिविद्येचा हा जाडजूड ग्रंथ घ्याच, असा सभासदांचा लकडा लागला होता. ग्रंथपाल म्हणाले होते, "साधना करणाऱ्यांना याचा कितपत उपयोग होईल, तेवढं लिहून द्या." ग्रंथाचे संपादक स्वतःच प्रात्यक्षिक द्यायला आले होते. लोक त्यांना ग्रंथमहाराज म्हणत.

कॉलेजात विवेकवादावर बोलून तिने कप मिळवला होता. हल्ली त्यात गुंडीचे चमचे असत.

"माझ्याकडे बघू नका," ग्रंथमहाराज सांगत होते. "मी म्हणजे नुसतं टेबल. बोलतो तो ग्रंथ. तुम्ही त्याला वाचत नाही, तो तुम्हाला वाचतो."

काखेत फाईल धरलेला एक तरुण पुढे झाला. महाराजांनी मागच्या ढिगातली एक प्रत त्याच्या तळहातांमध्ये उभी ठेवली. त्याने हात सैल सोडले. ग्रंथ उघडला: राजाश्रय मिळवण्याचा विधी.

"म्हणजे नोकरी," महाराजांनी उलगडा केला.

मग एकमेकांकडे न बघणारं एक जोडपं आलं. त्यांना गृहकलहाची शांती निघाली.

"यांच्यासाठी ग्रंथ कशाला हवा? चेहरे बघितले तरी कळतंय," रांगेत मागे उभ्या असलेल्या शिवणवाल्या काकू पुटपुटल्या. ती हसली. हसण्यापुरती ती अजून विवेकवादी होती.

मग तिचा नंबर लागला. महाराजांनी गुंडीकडे मायेने बघत ढिगातली प्रत काढली, तिने एका हाताने ती टेबलावर उभी धरून सोडली आणि पान उघडलं: 'जे बालक नीट जेवत नाही, झोपत नाही, वारंवार रडते किंवा ज्यास वाचा फुटत नाही...'

गुंडी अजून एकही शब्द बोलत नव्हती. हाक मारली तर कधी वळे, कधी नाही. सोमवारी कानाच्या डॉक्टरांकडे तपासणी होती, आणि डॉक्टर काय सांगतील या धास्तीने तिने ती आधीच एकदा पुढे ढकलली होती. पानावर पुढे लिहिलं होतं: उशाशी तांब्याच्या भांड्यात पाणी ठेवावे, आणि पौर्णिमेपर्यंत बालकास परक्याचा हात लागू देऊ नये.

"ज्या प्रतीने ओळखलं ती घरी न्यावी," महाराज हळूच म्हणाले. तिने ती विकत घेतली. अभिप्रायासाठी, अर्थातच.

"सोमवारचं जरा पुढे ढकलू या का?" घरी आल्यावर तिने सासूबाईंना विचारलं.

"का गं? डॉक्टर गावाला गेलेत?"

"नाही. निरीक्षण करतेय. अभ्यासाच्या दृष्टीने."

"आणि हे उशाशी पाणी?" नवऱ्याने विचारलं.

"तेही निरीक्षणच आहे."

रविवारी सकाळी गुंडी जमिनीवर डबे रचत बसली होती. तिच्या पाठीमागच्या फळीवरून आईने टॉवेल ओढला, तसं बालसंगोपनाचं पुस्तक धप्पकन खाली आलं आणि उघडलं. पान होतं 'उशिरा बोलणारी मुलं'.

तिने पुस्तक मिटलं, उभं धरून सोडलं. पुन्हा तेच पान. पुन्हा सोडलं, पुन्हा तेच.

"आई, बघा ना. आता तर डॉक्टरांचं पुस्तकसुद्धा तेच पान दाखवतंय."

सासूबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "मग दुसरं कुठलं दाखवेल बिचारं? बाकीच्या पानांना तू हात तरी लावलायस?"

तिने पुस्तक जवळ घेतलं. त्या पानाच्या कडेला तिच्याच अंगठ्याचा काळपट ठसा होता, खाली केळ्याचा डाग. बांधणी तिथेच मोडली होती. 'दात येताना' हे प्रकरण अजून दुकानातल्यासारखं कोरं करकरीत. रोज तेच पान उघडून ती रडत होती, आणि आता ते पान आपल्याला बोलावतंय म्हणून थरथरत होती.

मग तिला दुसरी गोष्ट जाणवली. पुस्तक गुंडीच्या पाठीमागेच पडलं होतं. एवढ्या आवाजाने गुंडीने मानही वळवली नव्हती. खरी खूण ती होती, आणि आई पान बघत बसली होती.

उशाशी ठेवलेलं पाणी तिने कुंडीत ओतलं.

त्या संध्याकाळी ग्रंथालयात प्रात्यक्षिकाचा समारोप होता. आपापल्या प्रती घेऊन सगळे जमले होते. ती पुढे गेली. "एक विनंती आहे. प्रती जरा बदलून बघू या."

"ग्रंथ रुसेल," महाराज घाईघाईने म्हणाले.

"रुसू दे. समजूत काढू."

फाईलवाल्याची प्रत तिने गुंडीला कडेवर घेऊनच उभी धरून सोडली: राजाश्रय. तिची प्रत काकूंच्या हातात गेली: बालकाची वाचा. काकूंनी नीट वाचून घेतलं. "अहो, साठी उलटली माझी. ग्रंथाला म्हणावं, जरा उशीर झाला."

वाचनकक्ष हसला. तिने घरचं पुस्तक केळ्याच्या डागासकट सगळ्यांना दाखवलं. "यात मंत्र नाही. एकाच पानावर दाबून दाबून बांधणी मोडली की पुस्तक तिथेच उघडतं. महाराज माणूस बघून प्रत निवडतात. कडेवर मूल असलं की ही, काखेत फाईल असली की ती. आणि पानावर इतकी दुखणी लिहिलेली असतात की त्यातलं एखादं आपलं निघतंच. मी स्वतःला सुशिक्षित म्हणवते, तरी उद्याची तपासणी रद्द करायला निघाले होते."

महाराजांनी प्रवचन आवरतं घेतलं आणि ते प्रती गोळा करायला लागले.

सोमवारी डॉक्टर म्हणाले, "कानाच्या पडद्यामागे पाणी साठलंय. उपचार होतील. पण आणखी थांबू नका."

काही आठवड्यांनी, उपचार संपल्यावर, तिने अभिप्राय लिहायला घेतला. 'साधना करणाऱ्यांना या ग्रंथाचा उपयोग होईल असं वाटत नाही, विकणाऱ्यांना भरपूर होतो. जे पान आपोआप उघडतं, तिथे आधी कुणीतरी दाबलेलं असतं. कधी विकणाऱ्याने, कधी आपल्याच भीतीने. म्हणून वाचकांनी पानं स्वतःच्या हाताने उलटावीत. आणि मुलाला ऐकू येतं की नाही, हे ग्रंथात नव्हे, मुलाच्या कानात बघावं.'

लिहून झाल्यावर तिने तो जाडजूड ग्रंथ उचलला, डबे रचणाऱ्या गुंडीच्या पाठीमागे उभी राहिली आणि हातातून सोडला.

गुंडी दचकली. वळून आधी ग्रंथाकडे, मग आईकडे रागाने बघू लागली.

तिने डोळे पुसले आणि खाली एक ओळ वाढवली: 'ग्रंथ वजनदार आहे. पाडल्यास चांगला आवाज होतो.'